धंद्याशी नवा करार: पुढचं वर्ष चालवायचं का, आणि कोणत्या अटींवर

भाडेकराराची मुदत संपत आली की माणूस जागा पुन्हा एकदा नीट बघतो. छत गळतंय का, भाडं किती वाढलं, जागा अजून पुरते का, हे तपासतो आणि मग सही करतो, किंवा करत नाही. स्वतःच्या धंद्याला मात्र अशी तारीखच नसते. काही वर्षांपूर्वी भरात घेतलेला निर्णय आपोआप पुढे सरकत राहतो. एक दिवस लक्षात येतं की शटर आपण सवयीनं उघडतोय, मनानं नाही.

अशा वेळी लोक उमेद शोधायला निघतात. भाषणं ऐकतात, नवा बोर्ड लावतात, पुढच्या सोमवारपासून पहाटे पाचला उठायचं ठरवतात. तीन आठवड्यांत सगळं जिथल्या तिथे येतं, कारण ज्या अटींनी वीट आणला त्या तशाच असतात. म्हणून इथली पद्धत उलटी आहे. आधी हिशोब बघायचा, मग अटी बदलायच्या आणि सही शेवटी करायची. सगळ्याला साधारण सहा आठवडे लागतात. त्यात दोन आठवडे रोजच्या नोंदीचे, एक पूर्ण दिवस हिशोबाचा, अर्धा दिवस घरच्यांशी किंवा भागीदाराशी बोलण्याचा आणि एक संध्याकाळ लिहिण्याची. मधले दिवस सुट्टी आणि विचार यांत जातात. हाताशी लागेल ते एवढंच: मागच्या बारा महिन्यांची बँक स्टेटमेंट, खरेदी-विक्रीच्या नोंदी, येणे आणि देणे यांची आजची यादी, कर्जाच्या हप्त्यांचं वेळापत्रक आणि एक साधी वही.

हे कधी करू नये, तेही आधीच सांगायला हवं. मोठं गिऱ्हाईक नुकतंच तुटलंय, हंगाम ऐन भरात आहे, किंवा आठवडाभर झोप नाही, अशा वेळी बसलात तर उत्तर धंद्याचं येणार नाही, त्या आठवड्याचं येईल. याच्या उलटही खरं आहे. मोठी ऑर्डर हातात पडल्याच्या दिवशी घेतलेली शपथ तितकीच कच्ची असते.

नेमका कशाचा वीट आलाय

‘कंटाळा आला’ या एका वाक्यात तीन वेगळी दुखणी लपलेली असतात: शरीराचा थकवा, पैशाची ओढाताण आणि कामाचाच उबग. तिघांचं औषध वेगळं आहे. थकलेल्या माणसानं धंदा बंद केला तर वर्षभरात पस्तावतो. पैशाने गांजलेला सुट्टीवर गेला तर आणखी गाळात जाऊन परततो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये मान्य केलेल्या रोगवर्गीकरणात कामातून येणाऱ्या ‘बर्नआउट’ची व्याख्या आहे, आणि ती इथे कामाची आहे. तिथे तो आजार म्हणून नोंदलेला नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून नोंदलेला आहे. त्याची अंगं तीन: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. धंदेवाईक माणूस पहिलं अंग ओळखतो. दुसरं त्याच्या लक्षात येत नाही, गिऱ्हाइकांच्या लक्षात येतं. फोनवरचा आवाज तुटक होतो, कोटेशन दोन दिवस उशिरा जातं आणि ‘हे लोक असेच’ हे वाक्य तोंडात बसतं.

पारखायचा सोपा मार्ग म्हणजे सलग चार दिवस धंद्यापासून लांब राहायचं. फोन दुसऱ्याकडे द्यायचा, किंवा ‘अमुक तारखेपर्यंत बंद’ अशी पाटी लावायची. पहिले दोन दिवस मोजू नका, त्यात डोकं धंद्यातच असतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी उद्याच्या कामाचा विचार करून बघा. काम सुचायला लागलं, हात शिवशिवले, तर दुखणं थकव्याचं होतं. काम आवडतंय पण हप्त्याची तारीख आठवून पोटात गोळा येतोय, तर ते पैशाचं आहे. झोप झाली, पैशाचीही फिकीर नाही, तरी कामाचं नाव काढलं की आळस भरतो, तर कामच बदलायला हवं.

एक चौथी शक्यताही असते आणि ती फार वेळा सुटते: माणूस. एखादा भागीदार, एखादा जुना कारागीर, किंवा रोज तीन फोन करणारं एखादं गिऱ्हाईक. स्वतःला विचारा, ‘उद्यापासून हा नाही, बाकी सगळं आहे तसं.’ एवढ्यावर खांदे सैल झाले, तर धंदा सोडण्याचं कारण नाही. त्या एका माणसाशी असलेला व्यवहार बदलायचा आहे.

दोन आठवड्यांची वही

दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने पाडा. प्रत्येक रकान्यात काय केलं ते दोन शब्दांत लिहा आणि पुढे एक खूण करा: अधिक, उणे किंवा शून्य. काम करताना अंगात जोर आला तर अधिक, जोर निघून गेला तर उणे. कामं सहा गटांत बसवा: ज्याचे थेट पैसे मिळतात ते काम, विक्री, वसुली, कागदपत्रं, चुकलं म्हणून पुन्हा करावं लागलेलं काम, आणि दुसऱ्यांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं. वही अशी दिसेल:

९.०० – कालची डिलिव्हरी, तक्रारीचा फोन – पुन्हा – उणे
९.३० – मुलाला माल कुठे ते दाखवलं – प्रश्न – उणे
१०.०० – नवीन नमुना तयार केला – काम – अधिक
१०.३० – तेच – अधिक
११.०० – बिलं शोधली, सापडली नाहीत – कागद – उणे

रात्री बसून आठवून लिहू नका. आठवणीत मोठ्या गोष्टी राहतात, आणि दहा-दहा मिनिटांची जी गळती शोधायची असते तीच नेमकी पुसली जाते. दिवसातून चार वेळा, जेवणाआधी, चहाच्या वेळी असं लिहिलं तर एकूण पाच-सात मिनिटं जातात. एक आठवडा पुरत नाही, कारण पगार, हप्ते, मोठी खरेदी यांसारखी कामं महिन्यातल्या ठरावीक दिवसांना येतात. जमलं तर महिनाअखेर दोन आठवड्यांत बसेल असं बघा.

शेवटी दोन बेरजा करा. पहिली आठवड्याच्या एकूण तासांची. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या संयुक्त अभ्यासात, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयाची रक्तवाहिनी अडल्याने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्के जास्त आढळला. बेरीज ५५ च्या वर असेल तर आधी तास कमी करायचे, उत्साहाच्या गोष्टी मग. दुसरी बेरीज उणे खुणांची, गटागटाने. बहुतेक वह्यांत उणे खुणा सगळीकडे पसरलेल्या नसतात, एक-दोन गटांतच दाटी करून बसलेल्या असतात. ‘धंद्याचा वीट’ म्हणून जे वाटत होतं ते ‘वसुलीचा वीट’ निघतं. ही वाईट बातमी नाही, कारण वसुलीवर उपाय असतो.

हिशोबाचा दिवस

पहिला आकडा: तुम्हाला तासाला किती मिळतं. वर्षाचा नफा भागिले वर्षाचे तास, एवढं सरळ ते नाही. नफ्यात अशा कितीतरी गोष्टी घुसलेल्या असतात ज्यांचे पैसे कुणी मागत नाही म्हणून त्या खर्चात दिसत नाहीत. समजा वर्षाचा नफा ६,००,००० दिसतो. धंद्यात स्वतःचे १०,००,००० अडकले आहेत. ते दुसरीकडे सुरक्षित ठेवून ७ टक्के मिळाले असते, तर ७०,००० वजा. जागा स्वतःची आहे, भाड्याने दिली असती तर वर्षाला १,२०,००० आले असते, तेही वजा. घरातलं माणूस बिनपगारी बिलं करतं, त्या कामाला बाहेरचं कुणी ठेवलं तर ६०,००० लागले असते. उरले ३,५०,०००. आठवड्याला ६० तास, वर्षाला ५० आठवडे, म्हणजे ३,००० तास. तासाला ११७.

आता हा आकडा दोन आकड्यांशेजारी लिहा: तुमच्या सर्वात अनुभवी माणसाला तुम्ही तासाला किती देता, आणि याच कौशल्याची नोकरी धरली तर किती मिळेल. तिघांत तुमचा आकडा सर्वात लहान असेल तर उमेद का जाते ते वेगळं सांगायला नको. शरीराला हा हिशोब आधीच कळलेला असतो, वहीत तो उशिरा उतरतो.

यंत्राची झीज विसरू नका. आठ वर्षं चालणारं यंत्र पाचव्या वर्षी ‘फुकट’ वाटतं, पण नवव्या वर्षी ते पैसे एकदम मागतं. त्याच्या किमतीचा आठवा भाग दर वर्षी नफ्यातून बाजूला पडला नसेल, तर दिसतो तो नफा तितका नाही.

दुसरा आकडा महिन्याला किमान किती विक्री हवी याचा. विक्री होवो न होवो जो खर्च येतोच, तो स्थिर खर्च. त्याला मार्जिनने, म्हणजे विक्रीतून मालाचा खर्च जाऊन जितके टक्के उरतात त्याने भागायचं. चूक होते ती स्वतःचा पगार स्थिर खर्चात न धरल्याने. भाडं, पगार, वीज, हप्ते मिळून ८०,००० आणि मार्जिन ३० टक्के, तर किमान विक्री साधारण २,६७,००० निघते. महिन्याला ३,००,००० विकणारा मालक म्हणतो, नफ्यात आहे. स्वतःचा ४०,००० पगार धरला की स्थिर खर्च १,२०,००० होतो आणि किमान विक्री ४,००,००० वर जाते. त्याच ३,००,००० च्या विक्रीत मार्जिन येतं ९०,०००, खर्च जाऊन मालकाच्या हाती पडतात फक्त १०,०००. धंदा चाललाय, पण मालकाच्या फुकट श्रमांवर.

तिसरा आकडा पैसा किती दिवस अडकतो याचा. माल किती दिवस पडून राहतो, अधिक उधारी किती दिवसांनी येते, वजा तुम्ही पुरवठादाराला किती दिवसांनी देता. मालाचे दिवस काढायला आजचा साठा खरेदी किमतीने मोजा, वर्षभरात विकल्या गेलेल्या मालाच्या खरेदी किमतीने भागा आणि ३६५ ने गुणा. उधारीचे दिवस म्हणजे आजचं येणं भागिले वर्षाची उधार विक्री, गुणिले ३६५. ४० दिवस माल, ५५ दिवस उधारी, पुरवठादार २५ दिवस थांबतो, तर ७० दिवस. रोजचा खर्च १०,००० असेल तर सुमारे ७,००,००० कायम अडकलेले. उधारी ५५ वरून ४० दिवसांवर आणली की नवीन गिऱ्हाईक न मिळवता १,५०,००० च्या आसपास मोकळे होतात. ताळेबंदात नफा आणि खिशात खडखडाट हे कोडं बहुधा इथेच सुटतं.

हिशोबात एक खड्डा हमखास लागतो: घरखर्च गल्ल्यातून जातो आणि कुठेच लिहिलेला नसतो. बारा महिन्यांची स्टेटमेंट घेऊन प्रत्येक रोख काढलेल्या रकमेपुढे ‘घर’ किंवा ‘धंदा’ लिहा. ज्या रकमेचं काहीच आठवत नाही ती ‘घर’मध्ये टाका, तिथेच गेलेली असते.

बुडालेलं विसरून एक प्रश्न

हिशोब समोर ठेवून आता हे विचारा: ‘आज हा धंदा नाही. आज विकला तर जितकं हाती येईल तितकं भांडवल आहे, वय आजचं आहे, अनुभव आजचा आहे. तर हाच धंदा सुरू करेन का?’

प्रश्न सोपा दिसतो, पण मधे ‘इतकी वर्षं घातली’ हे आडवं येतं. हाल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या मानसशास्त्रातल्या संशोधकांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग हेच दाखवतो. नाट्यगृहाची हंगामाची तिकिटं घेणाऱ्यांपैकी काहींना न सांगता सवलत दिली गेली. हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे भरलेले लोक सवलत मिळालेल्यांपेक्षा जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच होती. फरक फक्त गेलेल्या पैशाचा होता, आणि तो पैसा कुणालाच परत मिळणार नव्हता.

तरीही सगळा भूतकाळ बुडालेला खर्च नसतो, आणि इथे लोक दुसऱ्या टोकाला जाऊन चुकतात. सांगावं न लागता परत येणारी गिऱ्हाइकं, उधार देणारा पुरवठादार, तयार झालेला कारागीर, हातातलं कसब, हे उद्याही कमावून देणार आहे. त्याची किंमत धरायची, पण ‘उद्या किती मिळवून देईल’ या मापाने, ‘मिळवायला किती झिजलो’ या मापाने नाही. आणि बंद करण्याचाही खर्च असतो: जागेच्या कराराची उरलेली मुदत, कामगारांचं देणं, स्वतःच्या सहीवर घेतलेलं कर्ज, घेतलेले ॲडव्हान्स. तो आकडाही याच पानावर हवा, नाहीतर ‘सोडून देतो झालं’ हे वाक्य फार स्वस्त वाटतं.

उत्तर ‘हो’ आलं तर पुढे चला. ‘हो, पण असा नाही’ आलं तर उत्तमच, सर्वात उपयोगी उत्तर तेच. स्पष्ट ‘नाही’ आलं तर शेवटचा भाग वाचा.

अटी बदलणं

खरं काम इथे आहे. बदलायच्या अटी बहुधा चार असतात: दर, गिऱ्हाईक, कामाची वाटणी आणि वेळ.

दरापासून सुरुवात करावी, कारण बाकी तिन्हींना लागणारा पैसा तिथून येतो. १०० ला विकलेल्या वस्तूवर ७० खर्च आणि ३० मार्जिन असेल आणि दर ५ टक्के वाढवला, तर मार्जिन ३५ होतं. सातातली एक ऑर्डर गेली तरी कमाई तितकीच राहते आणि काम कमी होतं. उलट १० टक्के सूट दिली तर मार्जिन २० वर येतं, आणि पूर्वीइतकं कमवायला दीडपट माल विकावा लागतो. थकलेला मालक नेमकं हेच करतो: विक्री मंदावली की सूट देतो आणि आधीच न पुरणारे तास दीडपटीने वाढवून घेतो.

दरवाढ आधी नव्या गिऱ्हाइकांना लावा. महिनाभर कोटेशन किती मान्य होतात ते बघा. मग ज्यांच्यावर मार्जिन सर्वात कमी आहे त्या जुन्यांना ३० दिवस आधी कळवा. घेतलेल्या ऑर्डरी जुन्याच दराने पुऱ्या करायच्या. निरोप तीन वाक्यांत बसवा: ‘पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून आमचे दर ५ टक्क्यांनी वाढत आहेत. त्याआधी दिलेल्या ऑर्डरी सध्याच्याच दराने होतील. काही विचारायचं असेल तर मला थेट फोन करा.’ बस्स. चौथ्या वाक्यापासून माफी सुरू होते, आणि माफीचा सूर ऐकला की समोरचा घासाघीस सुरू करतो.

मग गिऱ्हाईक. प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकापुढे चार आकडे लिहा: वर्षाची विक्री, तिच्यावरचं मार्जिन, पैसे यायला लागलेले दिवस, आणि वहीतून दिसणारे तुमचे तास. सर्वात जास्त विक्रीचं गिऱ्हाईक तासाच्या हिशोबात तळाला जाऊन बसलेलं दिसणं नवीन नाही. तळाच्या दोन-तिघांसाठी मार्ग तीनच: दर वाढवणे, अर्धे पैसे आगाऊ घेणे, किंवा नम्रपणे थांबणे. मात्र एकट्यावर तुमची पाव किंवा जास्त विक्री अवलंबून असेल तर आज हात सोडू नका. आधी त्याचा वाटा कमी करा, मग बोला. रागाच्या भरात तोडलेलं गिऱ्हाईक दोन महिन्यांनी भाड्याच्या तारखेला आठवतं.

उधारीसाठी स्वभाव कडक करायची गरज नाही, तारखा ठरल्या की पुरतं. बिल काम झालं त्याच दिवशी जायला हवं. आठवडाभर उशिरा गेलेलं बिल आठवडाभर उशिरा भरलं जातं, आणि तो दोष गिऱ्हाइकाचा नसतो. मुदतीच्या ३ दिवस आधी आठवण, मुदतीच्या दुसऱ्या दिवशी फोन, १५ दिवसांनी नवीन माल बंद. फोनवर ‘कधी जमेल?’ असं विचारू नका. ‘गुरुवारी पाठवता की शुक्रवारी?’ असं विचारा आणि मिळालेला वार त्याच्यासमोरच लिहून घ्या. वसुलीचा उणे फार असेल तर हे काम ज्याला त्याचं काही वाटत नाही अशा माणसाकडे द्या. असं माणूस बहुतेक ठिकाणी असतं, त्याला कुणी विचारलेलं नसतं.

कामाची वाटणी सर्वात जास्त फसते. मालक म्हणतो, ‘शिकवण्यात जितका वेळ जातो तितक्यात मीच करून टाकतो.’ त्या दिवसापुरतं ते खरंच असतं. आठवड्याला अर्धा तास खाणारं काम शिकवायला ६ तास गेले, तर ते १२ आठवड्यांत भरून निघतात आणि नंतरचं सगळं वाचतं. पद्धत तीन फेऱ्यांची. पहिल्यांदा तुम्ही करा, तो बघेल आणि पायऱ्या तोच लिहून काढेल. दुसऱ्यांदा तो करेल, तुम्ही मागे उभे राहाल आणि हात मागे बांधून ठेवाल. तिसऱ्यांदा तो एकटा करेल, तुम्ही फक्त शेवटी तपासाल. पायऱ्या त्यानेच लिहायच्या हे महत्त्वाचं आहे. तुम्ही लिहिल्यात तर तुम्हाला सवयीने जे दिसत नाही ते कागदावर येणारच नाही.

एवढं करूनही काम परत तुमच्या टेबलावर आलं तर समजा, काम दिलंत पण अधिकार दिला नाहीत. माल परत घ्यायचा का, थोडी रक्कम सोडायची का, असं प्रत्येक वेळी विचारावं लागत असेल तर त्याचा अर्धा तास वाचला, तुमचा नाही. एक रक्कम ठरवून द्या: इतक्यापर्यंत न विचारता निर्णय घे, आठवड्याच्या शेवटी सांग. ती रक्कम अशी निवडा की पूर्ण बुडाली तरी तुमची झोप उडणार नाही.

वेळेबद्दल थोडक्यात: आठवड्यातला एक पूर्ण दिवस बंद आणि रोज एक ठरलेली थांबायची वेळ. दोन्ही दारावर आणि बिलावर छापा. छापलेली वेळ गिऱ्हाईक पाळतो, मनातली पाळत नाही.

कराराचं पान

आता एका पानात सगळं लिहा. दुसरं पान लागलं तर ते कुणी उघडून बघणार नाही. असं काहीसं:

मुदत: आजपासून १२ महिने. पुढचा निर्णय अमुक तारखेला.
तास: आठवड्याला ५० पर्यंत. एक दिवस पूर्ण बंद.
माझा पगार: दर महिन्याच्या ५ तारखेला ४०,०००, बँकेतून. गल्ल्यातून रोख नाही.
या वर्षीचं एकच काम: उधारी ५५ वरून ४० दिवसांवर.
या वर्षी करणार नाही: नवी शाखा, नवं कर्ज, आगाऊ पैसे घेतल्याशिवाय खास ऑर्डर.
थांबायच्या अटी: सलग ३ महिने पगार निघाला नाही, किंवा सलग २ महिने बँकेतली शिल्लक महिन्याच्या स्थिर खर्चाखाली गेली, किंवा जुना हप्ता भरायला नवं कर्ज घ्यावं लागलं.
बघायच्या तारखा: दर ९० दिवसांनी.

थांबायच्या अटी लिहायला हात धजत नाही, अपशकुन केल्यासारखं वाटतं. पण याच ओळींमुळे बाकीच्या ओळींना वजन येतं. रेषा आधी आखलेली नसेल तर पाणी चढेल तशी ती आपणच वर सरकवत नेतो, ‘अजून एक महिना बघू’ म्हणत. आणि रेषा आखलेली असली की ती ओलांडली जात नाही तोवर रोज रोज ‘सोडू का?’ हा प्रश्न डोक्यात फिरवत बसावं लागत नाही. तो नुसता प्रश्नच किती ताकद खातो, हे तो थांबल्यावर कळतं.

संकल्प जर-तरच्या भाषेत लिहा. ‘तास कमी करीन’ हे वाक्य हवेत राहतं. ‘जर संध्याकाळी सातनंतर ऑर्डरचा फोन आला, तर उद्या सकाळी दहाला करतो असं सांगीन’ हे हाताशी येतं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९० च्या दशकात या प्रकारच्या जर-तर संकल्पांवर काम केलं. प्रसंग आणि कृती आधीच जोडलेली असली की ऐन वेळी ठरवत बसावं लागत नाही, हा त्यातला गाभा.

सही करण्याआधी एक उलटा खेळ खेळा. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे: समजा वर्ष संपलं आणि करार साफ फसला, तर कशामुळे फसला ते प्रत्येकाने १० मिनिटांत लिहायचं. जोडीदार, भागीदार, जुना माणूस, असे तिघे पुरेत. ‘काय चुकू शकतं?’ असं विचारलं की लोक तोंडदेखलं बोलतात. ‘चुकलंच आहे, का ते सांगा’ म्हटलं की खरं बाहेर येतं. घरातून हमखास येणारं उत्तर असतं: ‘तुम्ही सुट्टीच्या दिवशी फोन घेतलात.’ ते लिहून घ्या आणि त्यासाठीही एक जर-तर करा.

सही घरातल्या एका माणसासमोर करा आणि त्याची सहीही घ्या. पगार निघाला नाही तर त्याचीच झळ त्या माणसाला बसणार आहे.

पहिले नव्वद दिवस

महिन्याला बदलांचा एकच गट. पहिल्या महिन्यात पगार आणि सुट्टी, दुसऱ्यात दर आणि उधारी, तिसऱ्यात कामाची वाटणी. तिन्ही एकदम सुरू केले तर कोणत्या बदलाने काय बिघडलं हे कळत नाही, आणि पहिल्या अडचणीला सगळंच गुंडाळलं जातं. पहिला घाला सुट्टीवर पडतो. एक घाईची ऑर्डर येते, ‘या एकाच रविवारी’ म्हणून शटर उघडतं, आणि पुढच्या रविवारी गिऱ्हाईक विचारत येतं. अशी ऑर्डर घ्यायचीच असेल तर त्याच आठवड्यात दुसरा दिवस बंद ठेवा.

माणसांना काय बदलतंय ते पहिल्याच दिवशी सांगा. मालक लवकर घरी जायला लागला, हिशोबाच्या वह्या काढून बसला, की धंदा बंद होतोय अशी कुजबुज सुरू होते आणि सर्वात चांगला माणूस सर्वात आधी दुसरीकडे बोलणी करतो.

दर आठवड्याला ठरलेल्या वेळी अर्धा तास बसून पाच आकडे एका ओळीत लिहा: बँकेतली शिल्लक, ३० दिवसांवरची उधारी, आठवड्याची विक्री, हातातल्या ऑर्डरी, तुमचे तास. तेरा आठवड्यांनी तेरा ओळी होतात. त्या वरून खाली वाचा. एका वाईट आठवड्यावरून करार मोडू नका. पण तीच घसरण सलग चार ओळींत दिसली तर नव्वदाव्या दिवसाची वाट बघत बसू नका.

उत्तर ‘नाही’ आलं तर

धंदा चालू असताना विकला तर नाव, गिऱ्हाइकं आणि माणसं यांचे पैसे मिळतात. बंद पडल्यावर फक्त सामानाचे, तेही भंगाराच्या जवळपासचे. म्हणून ‘नाही’ ठरलं की विक्री घसरायच्या आत हालचाल करा. क्रम असा ठेवा: आधी उधारीवरची नवी खरेदी थांबवा, मग वसुलीला लागा, सर्वात जुना माल सर्वात आधी काढा, नवे ॲडव्हान्स घेणं बंद करा, घेतलेली कामं पुरी करा. कामगारांना बातमी बाहेरून कळायच्या आधी तुमच्या तोंडून कळू द्या, देण्याच्या तारखेसकट. जागेच्या करारातली नोटिशीची मुदत पहिल्याच दिवशी वाचा. दोन-तीन महिन्यांची असेल आणि ती उशिरा दिसली, तर तेवढं भाडं रिकाम्या जागेचं भरावं लागतं.

‘हो’ म्हणून सही केली असेल तर पान गल्ल्याच्या आत चिकटवा, भिंतीवर नको. भिंतीवरचं आठवड्याभरात दिसेनासं होतं. आणि मुदत संपण्याच्या सहा आठवडे आधीची तारीख आजच फोनमध्ये घाला, कारण दोन आठवड्यांची वही पुढच्या वेळीही लागणारच आहे.